गाळणं आणि ओळखणं

डायलिसिसच्या दालनात रक्त सगळ्यांना दिसतं, पाणी कुणालाच दिसत नाही. ते भिंतीपलीकडच्या खोलीत असतं. तिथे वाळूची टाकी, कार्बनची टाकी, पाण्याचा जडपणा काढणारी टाकी ओळीनं उभ्या असतात आणि त्यांच्या पुढे आडव्या लांब नळ्यांमध्ये आरओचे मेम्ब्रेन बसवलेले असतात. सकाळची पहिली पाळी सुरू होण्याआधी तंत्रज्ञ या खोलीत येतो, छोट्या नळीत पाणी घेतो, त्यात औषधाचे थेंब टाकतो आणि रंग उजेडात धरून पाहतो. क्लोरीनचा अंश उरला असेल तर त्या दिवशी एकाही रुग्णाला सुई लागत नाही. माझे मामा इथे डायलिसिस घेतात; त्यांच्याबरोबर जाण्याची पाळी माझी असते तेव्हा ही तपासणी मी दारातून पाहतो.

हिशेब साधा आहे. यंत्रातून मिनिटाला अर्धा लिटर द्राव वाहतो. चार तासांत १२० लिटर. निरोगी माणूस आठवडाभरात १५ लिटरच्या आसपास पाणी पितो. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्याच्या रक्ताशेजारून त्याच आठवड्यात ३६० लिटर पाणी वाहून जातं. डायलायझर नावाच्या त्या हातभर नळकांड्यात केसाएवढ्या हजारो पोकळ तंतूंमधून रक्त वाहतं, तंतूंच्या बाहेरून पाणी वाहतं आणि दोघांमध्ये सुमारे ४० मायक्रॉन जाडीची भिंत असते. आपल्या डोक्यावरचा केस सहसा त्याहून जाड असतो. एवढ्या पडद्यावर मामांचा आठवडा उभा आहे.

मामांचं गाव पूर्णेच्या खोऱ्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखाली पाणी आहे, पण ते खारं. विहीर भरलेली आणि घसा कोरडा, अशी तिथली जुनी परिस्थिती. मामांच्या लहानपणी गोड्या पाण्यासाठी बैलगाडीवर टाकी घालून दुसऱ्या शिवारात जावं लागे. पुढे वान धरणाचं पाणी नळानं या भागात आलं. गोडं पाणी दारात आलं तेव्हा मामांचं तरुणपण सरत आलं होतं, आणि आता त्यांना दिवसाला एक लिटरचीच मुभा आहे. डाळीतलं, चहातलं, गोळीबरोबरचं, सगळं त्यात धरून. उन्हाळ्यात ते मामींना म्हणतात, “मले फक्त चूळ भरू दे.” मामी बर्फाचा खडा पुढे करतात आणि म्हणतात, “हा तोंडात धरा.”

मामांनी काय गमावलं हे कळायला मूत्रपिंडाची रीत समजून घ्यावी लागते. मी ती समजून घेतली आणि तेव्हापासून ती मनातून जात नाही.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांत मिळून सुमारे २० लाख केशवाहिन्यांचे गुच्छ असतात. प्रत्येक गुच्छावर तीन थरांचं पटल. दिवसभरात १८० लिटर द्राव रक्तातून या पटलापलीकडे जातो. रक्तातला द्रवभाग असतो सुमारे तीन लिटर, म्हणजे तो सगळाच्या सगळा दिवसातून ६० वेळा गाळला जातो. पटल रक्तपेशींना आणि मोठ्या प्रथिनांना अडवतं. बाकी जे लहान ते सगळं जातं. त्या १८० लिटरांत दीड किलोच्या आसपास मीठ असतं, पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास साखर असते, आणि टाकायचा तो युरियाही असतो. इथवर पाहणाऱ्याला वाटेल की शरीर उधळपट्टी करतंय. पण पुढच्या नलिकांच्या पेशी कामाला लागतात. साखर जवळजवळ कणन् कण परत घेतली जाते. मीठ परत घेतलं जातं, पाणी परत घेतलं जातं, गरजेप्रमाणे कमी किंवा जास्त. शेवटी उरतं दीड लिटर.

आधी सारं सोडून द्यायचं आणि मग आपलं ते ओळखून परत घ्यायचं. टाकाऊ तेवढं वेचून बाहेर काढणं वरकरणी सोपं आणि काटकसरीचं वाटतं. पण तसं करायचं तर शरीराला जगातल्या प्रत्येक विषाची ओळख हवी, आणि ती यादी कधीच पुरी होणार नाही. मूत्रपिंडाला त्या यादीची फारशी गरज पडत नाही. त्याला आपल्या माणसांची ओळख आहे: साखर, मीठ, पाणी, अमिनो आम्लं. उद्या एखाद्या प्रयोगशाळेत नवा रेणू जन्मला, आजवर कुठल्याच जिवाच्या रक्तात न गेलेला, तरी तो लहान आणि पाण्यात विरघळणारा असेल तर बहुतेक वेळा बाहेर पडेल. त्याला परत बोलावणारं कुणी नसतं. परक्याचा द्वेष न करता स्वतःला शुद्ध ठेवण्याची ही रीत मला शरीरातल्या सगळ्यांत शहाण्या रीतींपैकी एक वाटते.

मामांचं मूत्रपिंड मधुमेहानं गेलं. मधुमेहात त्या गुच्छांवरच्या पटलाचा मधला थर जाड होत जातो. जाड झाल्यावर तो जास्त भक्कम व्हावा असं आपल्याला वाटतं, पण होतं उलटंच. एरवी अडणारी प्रथिनं त्यातून गळू लागतात आणि लघवीला फेस येतो. त्याच वेळी गुच्छ बुजत जातात आणि जे जायला हवं ते रक्तात साचतं. सीमा जाड झाली की ती आपलं राखू शकत नाही आणि नको ते सोडूही शकत नाही. डॉक्टरांनी हे कागदावर रेघा काढून समजावलं तेव्हा मामांनी तो कागद मागून घेतला आणि खिशात ठेवला.

मूत्रपिंडाची ही ओळख कशी घडते हे पाहायचं तर पेशीच्या आवरणापर्यंत जावं लागतं. ते डायलायझरच्या भिंतीपेक्षा हजारो पटींनी पातळ, काही नॅनोमीटरचं. स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर आणि त्यात रोवलेली प्रथिनं. यांतली काही प्रथिनं म्हणजे वाटा आहेत, आणि प्रत्येक वाटेला स्वतःची निवड आहे. पोटॅशियमची वाट त्यांतली विलक्षण. पोटॅशियमचा आयन सोडियमच्या आयनापेक्षा मोठा आहे. तरीही या वाटेनं मोठा पोटॅशियम सेकंदाला कोटींच्या संख्येनं जातो आणि लहान सोडियम अडतो. दहा हजारांत एखादाच निसटतो. चाळणीतून गहू पडावा आणि खसखस वरच राहावी, असा हा प्रकार.

त्याचं कारण रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये या वाटेची रचना उलगडून दाखवलं. पाण्यात असताना प्रत्येक आयनाला पाण्याच्या रेणूंचा वेढा असतो आणि वाटेत शिरायचं तर तो वेढा सोडावा लागतो. वाटेच्या अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू अशा नेमक्या अंतरावर आहेत की पोटॅशियमला ते पाण्याच्या जागी तंतोतंत पुरे पडतात. त्याला वेढा सोडताना काही गमवावं लागत नाही. सोडियम लहान असल्यामुळे त्या ऑक्सिजनांपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून तो पाण्यातच राहणं पत्करतो. म्हणजे ही वाट अडवत नाही, योग्य पाहुण्याची सोय आधीच करून ठेवते. २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मॅकिनन यांना पीटर अग्रे यांच्याबरोबर मिळालं. पाण्याच्या रेणूंना वाट देणारं प्रथिन अग्रे यांनी शोधलं होतं. ते सापडलं लाल रक्तपेशींत आणि मूत्रपिंडात.

पोटॅशियम हा मामांच्या घरात रोजचा शब्द झाला आहे. शरीरातलं जवळजवळ सगळं पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्तात अगदी थोडं. आतल्या-बाहेरच्या या फरकावर हृदयाचा ठोका चालतो. रक्तातलं पोटॅशियम थोडं जरी चढलं तरी ठोका चुकू शकतो, थांबूही शकतो. म्हणून शहाळं बंद, केळी बंद, बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकून द्यायचं. पथ्याचे हे नियम मामींनी पाठ केले आहेत. पेशीच्या वाटेचं गणित त्यांना कुणी सांगितलेलं नाही, पण त्या गणिताचा आदर त्यांच्या स्वयंपाकघरात रोज पाळला जातो.

माणसानं बनवलेल्या पडद्यांचा इतिहास याच्या तुलनेत कालचा आहे. १७४८ मध्ये फ्रान्समध्ये नोले यांनी डुकराच्या मूत्राशयाची पिशवी मद्यार्कानं भरून पाण्यात ठेवली आणि ती फुगत गेलेली पाहिली. १८६१ मध्ये थॉमस ग्रॅहॅम यांनी चर्मपत्रासारख्या कागदाच्या पडद्यातून लहान रेणू पलीकडे जातात आणि डिंकासारखे मोठे अलीकडे राहतात हे दाखवलं. डायलिसिस हे नाव त्यांचंच. पण रक्तासाठी हे वापरायला आणखी ८० वर्षं लागली. १९३८ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या रुग्णालयात विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरासमोर शेतकऱ्याचा २२ वर्षांचा मुलगा मूत्रपिंड निकामी होऊन गेला. कोल्फनी हिशेब केला की रोज २० ग्रॅम युरिया काढता आला असता तर तो जगला असता. जर्मन सैन्यानं देश व्यापलेला असताना कांपेन या लहान गावात त्यांनी यंत्र बांधलं. सॉसेजच्या आवरणासाठी मिळणारी सेलोफेनची नळी लाकडी पिंपाभोवती गुंडाळली, पिंप क्षारयुक्त पाण्याच्या टाकीत अर्धं बुडवून फिरवलं आणि १९४३ मध्ये त्यातून माणसाचं रक्त वाहवलं.

सेलोफेन काय किंवा आजचं पॉलिसल्फोन काय, या पडद्याला ओळख नाही. त्याला फक्त आकार कळतो. युरिया लहान म्हणून जातो, पण साखरही लहान आहे, सोडियमही लहान आहे, कॅल्शियमही. नुसतं शुद्ध पाणी पलीकडे वाहवलं तर रक्तातलं सगळं चांगलं निघून जाईल. म्हणून त्या १२० लिटर पाण्यात सोडियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट, थोडं पोटॅशियम आणि बहुधा साखरही मोजून मिसळतात. जे रक्तात राहायला हवं ते पलीकडेही तेवढंच ठेवायचं, म्हणजे ते ओढलं जात नाही. जे काढायचं ते पलीकडे ठेवायचंच नाही किंवा कमी ठेवायचं. मामांच्या यंत्रात पोटॅशियम किती हे डॉक्टर त्यांच्या तपासणीचा कागद पाहून ठरवतात. पडद्याला जी ओळख नाही ती माणसानं पाण्यात आधी विरघळवून ठेवलेली असते. तरीही पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं निसटतातच; ती मग गोळीनं परत द्यावी लागतात.

ओळख कमी पडली की काय होतं, हे १९७० च्या दशकात दिसलं. अमेरिकेत डेन्व्हर इथे ऑल्फ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये डायलिसिसवर असलेल्या काही रुग्णांचा विचित्र आजार नोंदवला. बोलणं अडखळायचं, हातपाय झटके द्यायचे, मग स्मृती जायची आणि माणूस दगावायचा. १९७६ मध्ये त्यांनी या रुग्णांच्या मेंदूत साचलेलं अ‍ॅल्युमिनियम दाखवलं. ते येण्याचा एक मोठा मार्ग पाणी हा होता, आणि पाण्यात ते बऱ्याच ठिकाणी तुरटीतून येत होतं. शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत गढूळ पाणी निवळायला तुरटीच घालतात. वऱ्हाडात पावसाळ्याच्या गढूळ पाण्यात आमच्या आजीनंही आयुष्यभर तुरटी फिरवली आणि कुणाचं काही बिघडलं नाही. कारण आतड्याचं अस्तर अ‍ॅल्युमिनियमला जवळजवळ शिरूच देत नाही, आणि जे किंचित शिरतं ते मूत्रपिंड काढून टाकतं. डायलिसिसच्या रुग्णाच्या रक्ताला आतड्याचा पहारा नव्हता आणि मूत्रपिंडाचा आधारही नव्हता. घरोघर निर्धास्त प्यायलं जाणारं पाणी त्याच्यासाठी विष ठरलं.

भिंतीपलीकडची ती खोली तेव्हापासून इतकी महत्त्वाची झाली. तिथला आरओचा मेम्ब्रेन पाण्यातला बहुतेक सगळा क्षार अडवतो. त्याची कथा खारपाणपट्ट्यातल्या माणसाला जवळची वाटेल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या प्रयोगशाळेत सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी १९६० च्या सुमाराला सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा असा पडदा बनवला, ज्याच्या एका बाजूला अतिशय पातळ घट्ट साय होती आणि खाली सच्छिद्र आधार. अडवण्याचं काम ती साय करत होती आणि पातळ असल्यामुळे पाणी लवकर जात होतं. त्याआधीच्या पडद्यांतून पाणी जवळजवळ झिरपतच नसे. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा या गावात हा पडदा कामाला लागला. त्या गावाचं भूजल खारं होतं, आणि पूर्वी तिथे प्यायचं पाणी रेल्वेनं आणावं लागे. आज आमच्या पट्ट्यातही गावोगाव आरओ बसले आहेत, आणि त्यांच्या मागच्या नळीतून आणखी खारं झालेलं पाणी नाल्यात जातं. पडदा मीठ संपवत नाही, त्याची फक्त जागा बदलतो. ते कुठे जाणार हे कुणीतरी जागेपणी ठरवायला हवं, कारण पडदा ते ठरवणार नाही.

इथवर मी ओळखीच्या बाजूनं लिहीत आलो. पण या इतिहासाला एक दुसरी बाजू आहे आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते.

कोल्फ यांच्या यंत्रावरचे सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये त्या यंत्रामुळे वाचलेली पहिली रुग्ण ६७ वर्षांची एक स्त्री होती. ती नाझींची साथीदार म्हणून युद्धानंतर कैदेत ठेवलेली होती. नुकत्याच मुक्त झालेल्या कांपेनमध्ये तिच्याबद्दल कुणाला माया असण्याचं कारण नव्हतं, आणि कोल्फ स्वतः नाझींच्या विरोधात उभे राहिलेले. त्यांनी तिला यंत्राला जोडलं. सेलोफेननं तिच्या रक्तातला युरिया बाहेर जाऊ दिला. पुढे ती काही वर्षं जगली आणि दुसऱ्याच कारणानं गेली.

१९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी रुग्णाच्या हातात कायम राहणारी टेफ्लॉनची नळी बसवली आणि डायलिसिस आठवड्यामागून आठवडे घेता येऊ लागलं. क्लाइड शील्ड्स हा त्यांचा पहिला रुग्ण त्यानंतर ११ वर्षं जगला. पण यंत्रं मोजकी आणि रुग्ण पुष्कळ. तेव्हा सिएटलमध्ये सात नागरिकांची समिती नेमली गेली: वकील, धर्मोपदेशक, बँकेतला माणूस, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार पुढारी, सर्जन. कुणाला यंत्र मिळावं हे त्यांनी ठरवायचं. वय, लग्न, मुलं, उत्पन्न, शिक्षण, नोकरी, समाजाला होणारा उपयोग, हे सगळं तोलायचं. १९६२ मध्ये ‘लाइफ’ मासिकानं ही हकिकत छापली आणि अमेरिका हादरली. १९७२ मध्ये कायदा करून मूत्रपिंडाच्या या उपचारांचा खर्च सरकारी विम्याखाली आणला गेला.

त्या सात जणांना वाईट म्हणायला माझं मन धजत नाही. त्यांच्यावर असह्य काम सोपवलं गेलं होतं. पण त्यांना माणसामाणसांत जी ओळख करायला सांगितलं ती करण्याचा अधिकार कुणालाच नसावा. सेलोफेनला आपला-परका कळत नव्हता, आणि कैदेतल्या त्या बाईच्या बाबतीत हा आंधळेपणाच न्याय ठरला.

आमच्याकडे अशी समिती कधी नव्हती. पैसा आणि अंतर हीच आमची समिती होती, आणि ती निमूटपणे निवड करत होती. ही निवड सैल झाली आहे हे मी डोळ्यांनी पाहतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, २०१६ मध्ये जाहीर झालेला राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे, धर्मादाय संस्थांची केंद्रं आहेत. मामांना खुर्ची मिळाली ती अशाच एका केंद्रात. पण त्यांच्या शेजारच्या खुर्चीवरचा शेतमजूर पहाटे गावातून निघतो, एसटी बदलून येतो आणि त्या दिवसाची मजुरी सोडतो. ज्या आठवड्यात काम असतं त्या आठवड्यात तो एक पाळी चुकवतो. पुढच्या वेळी तंत्रज्ञ त्याला काट्यावर उभं करतो, पाय दाबून सूज पाहतो आणि विचारतो, “भाऊ, परवा का नाही आले?” योजनेनं डायलिसिसचे पैसे भरले, वाटेचे आणि बुडालेल्या मजुरीचे भरले नाहीत.

म्हणून मला जे म्हणायचं आहे ते असं. निसर्गानं जिवंत पटलाला ओळख दिली, आपण बनवलेल्या पटलाला ती देता आली नाही, तेव्हा ती उणीव आपण भरून काढली पाहिजे. पाण्यातला क्लोरीन, द्रावातलं पोटॅशियम, रुग्णाचं वजन, ताटातला बटाटा: इथे जितकी बारीक ओळख करता येईल तितकी करावी. पहाटे पाणी तपासणाऱ्या त्या तंत्रज्ञाला त्याच्या कामाच्या तोलाचं शिक्षण आणि पगार मिळावा. पण खुर्ची कुणाला द्यायची हा प्रश्न आला की ओळख तिथेच थांबवावी. वय, जात, कमाई, गावाचं अंतर, समाजाला होणारा उपयोग, यांतलं काहीही त्या दाराशी विचारलं जाऊ नये. तालुक्याच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात पुरेशा खुर्च्या आणि तिथवर न्यायला गाडी, एवढं झालं तर निवडीचा प्रश्नच उरणार नाही. पदार्थ पारखून घ्यावेत, माणसं पारखू नयेत. रक्त आणि पाण्याच्या मधल्या त्या पडद्याकडून मी एवढं शिकलो, आणि ते अमलात आणणं आपल्या हातात आहे.